आईचा घास अर्ध्यावर का थांबतो?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

त्यांच्या आईचं वय ७६. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. गेले तीन महिने संध्याकाळी बारीक ताप येतो, कोरडा खोकला आहे, वजन ६ किलोंनी उतरलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ. अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊन गेले. मग जेवताना जबडा दुखायला लागला. दाताचं दुखणं समजून एक दाढ काढली, दुखणं तसंच राहिलं. रक्तात हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट वाढलेल्या, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची चाचणी) ९६. नव्या डॉक्टरांनी दोन्ही मनगटांच्या नाड्या एकाच वेळी धरून पाहिल्या, तेव्हा डावी क्षीण लागली. त्यांना ‘जायंट सेल आर्टरायटिस’ची, म्हणजे धमन्यांच्या दाहाच्या एका आजाराची, शंका आहे. स्टिरॉइड आजच सुरू करू, बायोप्सी, म्हणजे कानशिलावरच्या धमनीचा तुकडा काढून तपासणी, आठवड्याभरात करू, असं ते म्हणतात. भावाला हे पटत नाही. आईचं डोकं एकदाही दुखलं नाही आणि या आजाराचं मुख्य लक्षण तर डोकेदुखी, मधुमेहात स्टिरॉइड म्हणजे विष, तेव्हा आधी बायोप्सी आणि मग औषध, असं त्याचं म्हणणं. आई म्हणते, “वय झालंय, आता मला सतावू नका.” पत्राच्या शेवटी ताई लिहितात: “चार दिवसांपूर्वी आईच्या उजव्या डोळ्यापुढे काही मिनिटं पडदा आल्यासारखं झालं म्हणे. तिने चष्मा पुसला, मग दिसायला लागलं. आम्हाला बोलली नाही, नातवाला बोलली. असो. निकाल येईपर्यंत दोन आठवडे थांबलं तर चालेल ना? की मीच उगाच घाबरतेय?”

ताई,

तुमच्या त्या ‘असो’च्या आधीच्या ओळी वाचल्या आणि पत्र बाजूला ठेवून तुम्हाला निरोप धाडला, की आजच्या आज डॉक्टरांना डोळ्याचं सांगा, उद्यावर टाकू नका. तुम्ही ते केलंत. आईला दाखल करून तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड दिलं, आता गोळ्या चालू आहेत, बायोप्सी व्हायची आहे, असं तुम्ही कळवलंत. वाचून जिवात जीव आला. पण घरातला वाद मिटलेला नाही आणि भाऊ अजून विचारतोय की पुरावा हाती नसताना एवढं जबर औषध का. त्याचा प्रश्न रास्त आहे. हे पत्र त्याच्यासाठीही आहे.

डोकेदुखीपासून सुरुवात करते, कारण घरातला वाद तिथेच अडला आहे. या आजाराचं जुनं नाव टेम्पोरल आर्टरायटिस, म्हणजे कानशिलावरच्या धमनीचा दाह. १८९० मध्ये जोनाथन हचिन्सन या ब्रिटिश शल्यविशारदांनी एका वृद्ध गृहस्थांविषयी लिहिलं होतं. डोक्यावरच्या सुजलेल्या, लाल रेघांमुळे त्यांना टोपीसुद्धा घालवत नव्हती. पुढे १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन यांनी या आजाराचं रीतसर वर्णन केलं. हात लावला की दुखणारं कानशील हीच त्याची ओळख होऊन बसली आणि नावही तिथूनच पडलं. मात्र हॉर्टन यांच्या त्या पहिल्या रुग्णांनाही ताप होता, अशक्तपणा होता, वजन उतरलं होतं, रक्त कमी झालं होतं. कानशील ध्यानात राहिलं आणि बाकीचं मागे पडलं. भावाने वाचलं ते खोटं नाही. नवी, न थांबणारी डोकेदुखी बहुतेकांना असते. पण चारातल्या एखाद्या रुग्णाला, काही नोंदींनुसार तिघांतल्या एकाला, ती नसतेच. उपचाराला उशीर होतो तो बहुतेक अशाच माणसांच्या बाबतीत.

हा आजार जवळजवळ नेहमी पन्नाशीनंतरच होतो, सत्तरीत सर्वाधिक, आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुपटी-तिपटीने. शरीराच्या संरक्षक पेशी मोठ्या आणि मध्यम धमन्यांच्या भिंतीत शिरून तिथे दाह माजवतात. भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते. कुठली धमनी, त्यावर लक्षण ठरतं. कानशिलावरची असेल तर डोकं दुखतं आणि केस विंचरताना टाळू हुळहुळते. खांद्याखालून हाताकडे जाणारी असेल तर हात थोड्या कामाने भरून येतो, नाडी क्षीण लागते, दोन हातांचं ब्लडप्रेशर वेगवेगळं येतं. तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही मनगटं एकदम धरली ती यासाठीच. मागच्या मेंदूकडे जाणारी असेल तर भोवळ, एकाचे दोन दिसणं, कधी थेट पक्षाघात. आणि मुख्यतः हृदयातून निघणारी महाधमनीच धुमसत असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. ताप, घाम, गळालेली भूक, उतरलेलं वजन, एवढंच. वयस्कांत कारण न सापडणारा ताप रेंगाळला की शोधायच्या आजारांच्या यादीत हा बराच वर असतो. कोरडा खोकला आणि घसादुखीही साधारण दहांतल्या एकाला होते, आणि क्वचित तेच पहिलं लक्षण असतं.

आता जबडा. त्यावर थोडी थांबते, कारण निदानाची किल्ली अनेकदा तिथेच असते आणि तोंड दुखतं म्हटल्यावर आपण सगळे दाताकडेच बघतो. तुम्ही लिहिलंय की आई पहिले पाच-सहा घास नीट खाते, मग चावणं मंदावतं, घास गालात धरून ठेवते, हात थांबतो. दोन-तीन मिनिटांनी परत सुरू करते आणि पुन्हा तेच. किडलेली दाढ सहसा अशी वागत नाही. ती गार-गरम लागलं की कळ देते, पहिल्याच चाव्याला ठणकते, रात्री झोपू देत नाही. चावण्याच्या स्नायूला काम वाढलं की रक्त जास्त लागतं. अरुंद धमनी ते पुरवू शकत नाही, म्हणून स्नायू दुखतो आणि थांबलं की दुखणं ओसरतं. चढ चढताना छातीत भरून येणाऱ्या माणसाच्या हृदयाचं जे होतं, तेच इथे जबड्याचं. साठीपुढच्या माणसाचा जबडा असा दमत असेल तर दुसरं काही सापडेपर्यंत हाच आजार समजून चालावं, इतकं हे लक्षण बोलकं आहे. दातांच्या डॉक्टरांवर रागावू नका. त्यांच्याकडे माणूस बोट दाखवतच येतो.

मी स्वतः चुकले आहे, म्हणून एवढ्या तळमळीने लिहिते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वयस्क गृहस्थांच्या खोकल्यावर मी सहा आठवडे औषधं बदलत राहिले. त्यांच्या पत्नी एकदा म्हणाल्या, “हे हल्ली ताटावरून अर्धवट उठतात.” मी म्हटलं, दात दाखवून घ्या. मग एका सकाळी ते उठले ते उजव्या डोळ्यापुढे काळोख घेऊनच. तो पुढे कधी हटला नाही. खोकला आणि अर्धवट ताट या दोन गोष्टी मी एका कागदावर एकमेकींशेजारी लिहिल्या असत्या, तरी कदाचित लक्षात आलं असतं.

डोळ्याचं असं, की दृष्टीच्या नसेच्या टोकाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फार बारीक असतात. त्या दाहाने बंद झाल्या की नस मरते आणि मेलेली नस बहुधा कुठल्याही औषधाने जिवंत होत नाही. सगळ्या रुग्णांचा हिशोब केला तर पाच-सहा जणांतल्या एकाची नजर थोडी किंवा पूर्ण अशी कायमची जाते. एक डोळा गेल्यावर उपचार नसतील तर दुसराही काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जाण्याची मोठी भीती असते. बऱ्याचदा त्याआधी सूचना मिळते. काही मिनिटं पडदा येतो आणि सरकतो. आईला ती मिळाली होती. तिने चष्मा पुसला. म्हातारी माणसं हे हमखास करतात, आधी काचेलाच दोष देतात.

म्हणून पुरावा आधी की औषध आधी, या प्रश्नात दोन्ही पारडी सारखी नाहीत. औषध सुरू केलं आणि पुढे निदान चुकीचं निघालं, तर थोड्या दिवसांचं स्टिरॉइड डॉक्टरांच्या सांगण्यानुसार थांबवता येतं, वाढलेली साखर खाली आणता येते. औषध थांबवून ठेवलं आणि निदान खरं निघालं, तर गेलेला डोळा कुणीच परत आणू शकत नाही. भावाला हे सांगताना आवाज चढवू नका. त्याचं सगळं बोलणं आईच्या काळजीपोटी आहे, फक्त धोका कुठल्या बाजूला जास्त आहे हे त्याला कुणी मांडून दाखवलेलं नाही.

त्याला आणखी एक सांगा, स्टिरॉइडने पुरावा पुसला जात नाही. धमनीच्या भिंतीतला दाह औषध सुरू झाल्यावरही दोन आठवडे, पुष्कळदा त्याहून जास्त, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. म्हणजे आठवड्याभरात केलेली बायोप्सी पुरेशी लवकर आहे. घाई असते ती सोनोग्राफीची. दाह झालेल्या धमनीभोवती एक काळसर वलय दिसतं. जर्मनीतल्या वोल्फगांग श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ते दाखवून दिलं, आणि आता अनेक ठिकाणी बायोप्सीच्या आधी हीच तपासणी करतात. ते वलय औषधाने काही दिवसांतच फिकं होऊ लागतं. शरीरात दाह कुठे आहे ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनचंही तसंच, पहिल्या दोन-तीन दिवसांत झाला तर उत्तम, पुढे त्याची धार कमी होते. आईच्या हाताची नाडी क्षीण आहे. तेव्हा काखेतल्या धमन्यांची सोनोग्राफी किंवा छातीतल्या मोठ्या धमन्यांचा स्कॅन करायचा आहे का, हे उद्याच विचारा.

बायोप्सी निरंक आली तर भाऊ म्हणेल, बघ, मी सांगत होतो. तेव्हा काय बोलायचं ते आताच ठरवून ठेवा. हा दाह धमनीभर सलग नसतो, मध्येमध्ये निरोगी तुकडे सोडत जातो. नेमका तसा तुकडा काढला गेला तर अहवाल स्वच्छ येतो. म्हणूनच सेंटिमीटरभर तरी लांबीचा तुकडा घेतात. शिवाय आजार मुख्यतः हाताच्या किंवा छातीतल्या धमन्यांत असेल, तर कानशिलावरची धमनी निर्दोषही असू शकते. अहवाल निरंक आला म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका.

मात्र भावाच्या शंकेला एक जागा नक्की आहे. ताप, घटलेलं वजन आणि चढलेला ईएसआर हे सगळं जंतुसंसर्गात होतं, क्षयात होतं, काही कर्करोगांतही होतं. स्टिरॉइडने त्यातल्या काहींनाही तात्पुरतं बरं वाटतं. म्हणून क्षय, हिपॅटायटिस बी आणि रक्तातले जंतू यांच्या तपासण्या झाल्या का, हे विचारायचं काम त्याच्याकडे द्या. आणखी एक खूण सांगते. आजार हाच असेल तर पुरेशा मात्रेने ताप, गळाठा, जबड्याचं दमणं थोड्या दिवसांतच झपाट्याने ओसरायला लागतं. आठवडा उलटला आणि काहीच फरक नाही, तर निदानाचा फेरविचार करा असं डॉक्टरांना स्पष्ट म्हणा. त्यात त्यांचा अपमान नाही.

स्टिरॉइड विष आहे का? ते दुधारी आहे, आणि आईच्या वयात, मधुमेहासह, त्याची दुसरी धार खरोखर लागते. हे मी लपवणार नाही. सुरुवातीची मात्रा बहुधा दिवसाला ४० ते ६० मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन अशी असते, मग ती हळूहळू उतरवत नेतात आणि पूर्ण सुटायला वर्ष, दोन वर्षं, कधी जास्तही लागतात. साखर नक्की चढणार. पण सकाळच्या गोळीने ती दुपार-संध्याकाळी जास्त चढते, त्यामुळे फक्त सकाळची उपाशीपोटी साखर पाहून सगळं ठीक आहे असं समजू नका. दुपारच्या जेवणानंतरची आणि रात्रीच्या जेवणाआधीची मोजा. मधुमेहाची औषधं वाढवावी लागतील, काही काळ इन्सुलिनही लागू शकेल. त्याला हार समजू नये. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाड ठिसूळ होऊ न देणारं औषध पहिल्या दिवसापासून हवं, ते चिठ्ठीवर आहे का बघा. गोळी सकाळीच, खाऊन झाल्यावर द्या, म्हणजे रात्रीची झोप कमी मोडेल. आई चिडचिडी होईल, किंवा एकदम उत्साहात येईल. ते औषधाचं आहे, तिच्या स्वभावाचं नाही. आणि गोळ्या संपल्या, गावाला गेलो, बरं वाटलं, अशा कुठल्याही कारणाने त्या अचानक तोडायच्या नाहीत. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबलेलं असतं, म्हणून एकदम बंद केल्यावर जिवावर बेतू शकतं.

मधुमेहामुळे तुम्ही विचारायलाच हवं असं एक औषध म्हणजे टोसिलिझुमॅब, हा दाह आवरणारं इंजेक्शन. त्याची मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. त्याच्या सोबतीने स्टिरॉइड लवकर उतरवता येतं. संसर्गाचा धोका त्यातही आहेच, आणि एक खोच आहे. ते चालू असताना ईएसआर आणि सीआरपी (दाहाचीच दुसरी रक्तचाचणी) खाली दबून राहतात, त्यामुळे आजार उलटला तरी रक्ताचा अहवाल शांत दिसू शकतो. मग आईच्या तक्रारीच ऐकाव्या लागतात. आजार उलटणं दुर्मीळ नाही, बऱ्याच जणांना मात्रा उतरवताना तो पुन्हा डोकं वर काढतो.

आता आईचं “मला सतावू नका”. हे वाक्य तुम्ही नकार म्हणून घेतलंत. मला वाटतं आधी तिला विचारायला हवं की तिला नेमकं काय नकोय. तीन महिने सुया, एक्स-रे, काढलेली दाढ, आणि दर वेळी “वयामुळे असेल” हे उत्तर. या सगळ्याला कंटाळून माणूस असंच म्हणतो. तिला नको आहे ती वणवण, की उपचार? नकाराचा अधिकार तिचा आहेच, तो मी काढून घ्या म्हणणार नाही. फक्त ती कशाला नाही म्हणतेय हे तिच्या कानावर साध्या शब्दांत गेलं पाहिजे: “आई, ही गोळी आयुष्य लांबवायला नाही गं. तुझी नजर राहावी, तुला तुझं तुला हिंडता-फिरता यावं, म्हणून आहे.” हे तुम्ही एकटीने बसून बोला. चारचौघांत बोललात तर ती हसून मान डोलावेल आणि मनातलं मनातच ठेवेल.

‘वय झालं’ हे घरच्यांइतकंच आम्ही डॉक्टरही म्हणतो आणि तिथेच शोध थांबतो. वयाने माणूस सावकाश चालायला लागतो. वयाने ईएसआर थोडा वाढतो, पण ९६ होत नाही. वयाने तीन महिन्यांत ६ किलो जात नाहीत.

तुमच्यासारखं कोड्यात पडलेल्या इतर घरांसाठीही थोडं लिहिते. सकाळी उठल्यावर दोन्ही खांदे आणि कंबर इतके आखडणं, की कूस बदलवत नाही आणि केसांपर्यंत हात जात नाही, हे पॉलिमायाल्जिया असू शकतं. ते याच आजाराचं भावंड आहे आणि जायंट सेल आर्टरायटिसच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत तेही सोबत भेटतं. जीभ दुखणं किंवा तिच्यावर काळपट डाग पडणं, डोक्याच्या कातडीवर न भरणारी जखम, एका बाजूचा कान किंवा मान कारणाशिवाय दुखणं, ही या आजाराची विरळा रूपं आहेत. लहान रक्तवाहिन्यांच्या दाहाचे आजार आणखी वेगळी सोंगं घेतात. अचानक पाऊल उचलेनासं होतं, नाकातून रक्ताळ खपल्या येतात, थोड्या आठवड्यांत कान बंद होतात, खोकल्यात रक्त दिसतं. त्यात मूत्रपिंडं गुपचूप बिघडत असतात, म्हणून क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी तेव्हा अजिबात टाळू नये. आणि कानशिलावर दुखत असो वा नसो, पन्नाशीपुढच्या माणसाची नजर क्षणभर जरी गेली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सदराला पत्र पाठवून उत्तराची वाट पाहायची नाही.

इथून बसून मी आईची नाडी धरू शकत नाही, तेव्हा औषधाच्या मात्रेबाबत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. जवळपास संधिवाताचे तज्ज्ञ असतील तर त्यांनाही दाखवा. रक्तवाहिन्यांच्या दाहाचे आजार त्यांच्याच विषयात येतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. आजार शमल्यावरही महाधमनी पुढच्या काही वर्षांत फुगू शकते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. ते कसं आणि किती दिवसांनी, हे त्यांना विचारून फाइलवर लिहून घ्या. ब्लडप्रेशर या पुढे उजव्या हाताचंच धरायला सांगा, डाव्या हाताचा आकडा फसवेल.

तुम्ही विचारलंत, मीच उगाच घाबरतेय का. नाही ताई. तुम्ही चार डॉक्टरांकडच्या चार तक्रारी एका पत्रात एकत्र लिहिल्यात, तेवढंच करायचं राहिलं होतं.

आणि एक काम त्या नातवाला द्या. रोज सकाळी आजीचा एक डोळा झाकायचा, वर्तमानपत्रातल्या दोन ओळी वाचून घ्यायच्या, मग दुसरा डोळा. कालच्यापेक्षा अंधुक वाटलं, तुकडा गाळल्यासारखं दिसलं, की लगेच तुम्हाला हाक मारायची. पडद्याचं तिने त्यालाच सांगितलं होतं, पुढचंही त्यालाच सांगेल.